अरबी समुद्रातला नायट्रोजन आणि हिमयुगातला कार्बन : एका दाव्याची तपासणी

2002 साली 'नेचर' या नियतकालिकात मार्क अल्टाबेट, मॅथ्यू हिगिन्सन आणि डेव्हिड मरे यांचा शोधनिबंध आला. ओमानच्या किनाऱ्यालगत समुद्रतळातून काढलेल्या गाळावरून त्यांनी दोन गोष्टी मांडल्या. पहिली अशी, की शेवटच्या हिमयुगात अरबी समुद्रातले नायट्रेट नष्ट होण्याचा वेग ग्रीनलंडच्या तापमानाच्या तालावर, शतकांच्या अवधीत वरखाली होत होता. दुसरी अशी, की या चढउतारांनी जगभरच्या समुद्रांमधला नायट्रोजनचा साठा सावकाश बदलला असणार, आणि 60 हजार ते 20 हजार वर्षांपूर्वीच्या काळात वातावरणातला कार्बन डायऑक्साइड जो कमीजास्त होत होता त्याच्याशी या बदलांचे नाते दिसते.

मुंबईतल्या एका महाविद्यालयात एम.एस्सी.च्या वर्गाला मी हे प्रकरण शिकवायला घेते. हिमयुग म्हटले की मुलांच्या डोळ्यांसमोर कॅनडा, स्कँडिनेव्हिया, फार तर हिमालय येतो. आपल्या खिडकीबाहेरचा समुद्रही त्या गोष्टीत आहे हे कुणाच्या मनात नसते. शिवाय या निबंधातला पहिला दावा भक्कम आहे आणि दुसरा तितका नाही. दोन्ही एकाच निबंधात, एकाच पुराव्यावर उभे असल्यामुळे पहिल्याचे वजन नकळत दुसऱ्याला मिळते. ते वेगळे कसे काढायचे, एवढाच या प्रकरणाचा विषय आहे.

आजचा समुद्र

जून ते सप्टेंबर नैर्ऋत्य वारे सोमालिया आणि ओमानच्या किनाऱ्यांना समांतर वाहतात. वरचे पाणी किनाऱ्यापासून दूर लोटले जाते आणि त्याच्या जागी खालचे थंड, नायट्रेट-फॉस्फेटने भरलेले पाणी वर येते. वनस्पतिप्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म वनस्पती, माजतात, खाल्ले जातात, मरतात आणि त्यांचे अवशेष खाली जातात. तिथे ते कुजवताना जीवाणू पाण्यातला ऑक्सिजन संपवतात. साधारण 150 मीटर खोलीपासून 1000 मीटरच्या पुढेपर्यंत या समुद्रात ऑक्सिजन अत्यल्प आहे, आणि या पट्ट्याच्या वरच्या भागात तर तो जवळजवळ शून्यावर येतो. उत्तरेला आशिया खंड आडवे पसरलेले असल्यामुळे अटलांटिकसारखे ध्रुवाकडचे थंडगार पाणी इथे बुडत नाही. ताजा ऑक्सिजन यायचा तो मुख्यतः दक्षिणेकडून, लांबचा प्रवास करून.

ऑक्सिजन संपला की काही जीवाणू नायट्रेटमधला ऑक्सिजन श्वसनासाठी वापरू लागतात. नायट्रेटचे नायट्राइट होते, मग नायट्रस ऑक्साइड आणि शेवटी नायट्रोजन वायू. हा वायू बहुतेक सजीवांना वापरता येत नाही, म्हणजे समुद्राचे खत हवेत गेले. हे विनायट्रीकरण. उघड्या समुद्रात, पाण्याच्या थरातच ते मोठ्या प्रमाणावर चालते अशी जगात तीन ठिकाणे आहेत : प्रशांत महासागराच्या पूर्व बाजूला विषुववृत्ताच्या उत्तरेला एक, दक्षिणेला एक, आणि तिसरा अरबी समुद्र.

वर्गात इथे हमखास एक प्रश्न येतो. पाणी उफाळते ओमानला, आणि विनायट्रीकरण सर्वांत जोरात चालते ते समुद्राच्या ईशान्य भागात, म्हणजे आपल्या बाजूला. हे कसे? उत्तर पुरवठ्यात आहे. दक्षिणेकडून येणारे त्यातल्या त्यात ताजे पाणी पश्चिमेच्या किनाऱ्याने वर चढते. तिथे ऑक्सिजन खर्च होतो खूप, पण भरणाही होतो. पूर्वेकडे भरणाच कमी. नुसती प्लवकांची वाढ मोजून खालचा ऑक्सिजन ठरवता येत नाही, हे इथेच नोंदवून ठेवायला हवे. हिमयुगात गेल्यावर हाच मुद्दा कामाला येतो.

वेसाव्याच्या कोळीवाड्यातला एक विद्यार्थी म्हणाला होता, "मॅडम, बोंबील आमच्या डोल जाळ्यात किनाऱ्याजवळच येतो. दोनशे मीटर खालच्या पाण्याशी आमचा काय संबंध?" प्रश्न रास्त होता. मुंबईसमोरची समुद्रबूड जमीन, म्हणजे किनाऱ्यालगतचा उथळ समुद्रतळ, फार रुंद आहे. ऑक्सिजनहीन पट्टा तिच्या पलीकडे, तळ खोल समुद्राकडे उतरत जातो त्या खंडान्त उताराला टेकतो. पण पावसाळ्याच्या शेवटी कमी ऑक्सिजनचे पाणी पश्चिम किनाऱ्याच्या उथळ भागावरही चढते. गोवा-कर्नाटकासमोर हे ठळक दिसते, आणि तिथे नायट्रस ऑक्साइड किती तयार होतो हे वाजिह नक्वी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2000 साली 'नेचर'मध्येच मांडले होते. म्हणजे संबंध आहे, पण सरळ रेषेत नाही.

साक्षीदार कोण?

वीस हजार वर्षांपूर्वी किती नायट्रेट नष्ट होत होते, हे आज कसे कळणार? नायट्रोजनचे दोन स्थिर समस्थानिक, म्हणजे वेगवेगळ्या वजनाचे अणू, आहेत. हवेतल्या नायट्रोजनमध्ये जड नायट्रोजन-15 फक्त 0.37 टक्क्यांच्या आसपास असतो, बाकी सगळा नायट्रोजन-14. विनायट्रीकरण करणारे जीवाणू हलका समस्थानिक आधी उचलतात. त्यामुळे मागे उरलेले नायट्रेट जड होत जाते. जगाच्या खोल समुद्रातले नायट्रेट हवेच्या तुलनेत सरासरी हजारी 5 भागांनी जड असते. अरबी समुद्राच्या ऑक्सिजनहीन पट्ट्यात ते हजारी 15पर्यंत आणि त्याहूनही वर जाते. हे जड नायट्रेट वर आले की प्लवक ते वापरतात, आणि त्यांच्या अवशेषांबरोबर ती खूण तळाच्या गाळात जाऊन बसते. अरबी समुद्राच्या गाळात गेल्या काही हजार वर्षांच्या थरांत हा आकडा साधारण 7-8 आहे. शेवटच्या हिमयुगाच्या थंड टप्प्यांतल्या थरांत तो 5-6च्या आसपास उतरतो.

आकडा छोटा वाटतो, पण त्याचा अर्थ मोठा आहे. थंड टप्प्यांत अरबी समुद्रातले विनायट्रीकरण मंदावले होते, काही वेळा जवळपास थांबले होते.

दुसरा साक्षीदार तर नुसत्या डोळ्यांना दिसतो, आणि मला तो जास्त आवडतो. कराचीसमोरच्या खंडान्त उतारावरचे गाळाचे गाभे, म्हणजे नळीने काढलेले लांब उभे नमुने, चिरले की काही भागांत बारीक, वहीच्या पानांसारखे थर दिसतात. तळाशी ऑक्सिजन नसेल तर किडे-अळ्या गाळ उकरत नाहीत, म्हणून थर जसेच्या तसे टिकतात. थंड टप्प्यांच्या भागांत मात्र थर मोडलेले, गाळ एकजीव झालेला. म्हणजे तेव्हा तळाला जीव होते आणि त्यांना पुरेल इतका ऑक्सिजनही. हार्टमुट शुल्झ, उलरिश फॉन राड आणि हेल्मुट एर्लेनकॉयझर यांनी 1998 साली हे गाभे ग्रीनलंडच्या बर्फाच्या नोंदीशेजारी ठेवले, तर गेल्या 1 लाख 10 हजार वर्षांतले चढउतार एकमेकांशी जुळले. ग्रीनलंड उबदार तेव्हा अरबी समुद्राचा उतार ऑक्सिजनहीन, ग्रीनलंड गारठलेले तेव्हा समुद्रात ऑक्सिजन.

समस्थानिक आणि थर, दोन स्वतंत्र पुरावे. ओमान आणि कराची, समुद्राच्या दोन बाजू. पहिला दावा इथे सिद्ध झाला असे मी समजते.

हिमयुगात ऑक्सिजन आला कुठून?

पाठ्यपुस्तकी उत्तर मान्सूनचे आहे. उत्तर गोलार्ध थंड झाला की उन्हाळी मान्सून दुबळा होतो, पाणी कमी उफाळते, प्लवक कमी, कुजणे कमी, ऑक्सिजनचा खर्च कमी. हे खरे आहे, पण अर्धे. वर म्हटल्याप्रमाणे भरण्याची बाजूही पाहावी लागते. हिवाळ्यातले ईशान्येचे कोरडे, गार वारे हिमयुगात जास्त जोरकस होते. त्यांनी उत्तर अरबी समुद्राचे वरचे पाणी थंड आणि जड करून बरेच खोलवर घुसळले. अंटार्क्टिकाभोवतालच्या दक्षिण महासागराकडून मधल्या थरात येणारे पाणीही थंड होते, आणि थंड पाण्यात ऑक्सिजन जास्त मावतो.

शिवाय समुद्राचा आकारच बदललेला होता. सुमारे 21 हजार वर्षांपूर्वी, हिमयुगाच्या कडाक्यात, जगाची समुद्रपातळी आजच्यापेक्षा सुमारे 120 मीटर खाली होती. पर्शियन आखात जवळजवळ पूर्ण कोरडे पडले होते. लाल समुद्राचे दार, बाब-एल-मांदेबजवळचा उंबरठा, आज सुमारे 137 मीटर खोल आहे. तेव्हा तिथून पाण्याची देवाणघेवाण नावापुरतीच उरली. आणि मुंबई? मुंबईपासून सुमारे 160 किलोमीटरवर, पाऊणशे मीटर पाण्यात जिथे आज मुंबई हायच्या तेलविहिरी उभ्या आहेत, ती जागा तेव्हा जमीन होती. कुलाब्याला उभे राहून समुद्र दिसलाच नसता. त्याच्याही पलीकडे 'फिफ्टी फॅदम फ्लॅट' नावाचा चुनखडीचा विस्तीर्ण सपाट भाग आहे. समुद्र परत चढू लागला त्या काळात उथळ पाण्यात साचलेले चुनखडीचे अवशेष तिथल्या तळावरून संशोधकांनी वर काढले आहेत.

ही माहिती मुलांना गंमत म्हणून आवडते, पण जमाखर्चात तिला जागा आहे. विनायट्रीकरण फक्त पाण्यात होत नाही, उथळ समुद्राच्या तळातल्या चिखलातही होते, आणि जगभरचा हिशेब केला तर तिथे जास्तच. समुद्रबूड जमीन उघडी पडली म्हणजे तो खर्चही घटला. उलट, उघड्या पडलेल्या गाळातले फॉस्फेट धुऊन समुद्रात गेले असावे, असे वॉलेस ब्रोकर यांनी 1982 साली सुचवले होते.

दुसरा दावा

आता कार्बनकडे. बर्फातल्या हवेच्या बुडबुड्यांवरून कळते की हिमयुगाच्या कडाक्यात कार्बन डायऑक्साइड दशलक्षांत सुमारे 185 ते 190 भाग होता, औद्योगिक क्रांतीपूर्वी 280. हा जवळपास 90 भागांचा फरक कुठे गेला होता? वातावरणातून निघालेला कार्बन समुद्रातच साठला असणार, यावर फारसे दुमत नाही. कसा, हा वाद आहे.

नायट्रोजनवाल्यांची बाजू अशी. आल्फ्रेड रेडफिल्ड यांनी दाखवून दिले की प्लवकांच्या शरीरात सरासरी 106 कार्बनमागे 16 नायट्रोजन आणि 1 फॉस्फरस असतो. विनायट्रीकरण थंडावले की समुद्रात नायट्रेट साठते, जास्त प्लवक वाढतात, जास्त कार्बन खाली जातो, आणि हवेतला कार्बन डायऑक्साइड उतरतो. मायकेल मॅकएलरॉय यांनी 1983 साली ही कल्पना मांडली होती. अरबी समुद्राच्या गाळाने तिला प्रत्यक्ष पुरावा मिळाला असे अनेकांना वाटले.

साखळीची पहिली कमकुवत कडी फॉस्फरस. नायट्रेट वाढले, पण फॉस्फेट तेवढेच राहिले, तर प्लवकांनी 16 च्या प्रमाणाबाहेर जाऊन नायट्रोजन वापरला तरच फायदा. थोडे ताणले जाते हे प्रमाण, पण किती?

दुसरी कडी याहून कच्ची आहे. समुद्राच्या नायट्रोजनला जमेची बाजूही आहे. ट्रायकोडेस्मियमसारखे नील-हरित जीवाणू हवेतला नायट्रोजन बांधतात. आपल्या पश्चिम किनाऱ्यासमोर मार्च ते मेमध्ये त्यांचे तवंग दिसतात. फॉस्फेटच्या मानाने नायट्रेट कमी असेल तिथे यांची चलती असते. विनायट्रीकरण मंदावून नायट्रेट साठू लागले की त्यांची ती सवलत जाते, आणि जमाही घटते. 2009 साली कॅरिबियन समुद्रातल्या फोरॅमिनिफेरा या सूक्ष्म एकपेशी जीवांच्या कवचांत अडकलेल्या नायट्रोजनवरून हाओजिया रेन आणि सहकाऱ्यांनी दाखवले, की हिमयुगात तिथले नायट्रोजन बांधणे खरेच कमी झाले होते. खर्च घटला आणि जमाही घटली, तर शिल्लक फारशी हलत नाही.

तिसरी कडी वेळेची. मला ती निर्णायक वाटते. कारण इथे प्रमाणांचे अंदाज लागत नाहीत, नुसता क्रम पाहायचा.

सुमारे 18 हजार ते 14,700 वर्षांपूर्वी उत्तर अटलांटिक गारठलेला होता. या तीन हजारांहून अधिक वर्षांत अरबी समुद्रातले विनायट्रीकरण मंदच राहिले. दावा बरोबर असेल तर या काळात नायट्रेट साठत जाऊन कार्बन डायऑक्साइड उतरायला हवा, निदान स्थिर राहायला हवा. अंटार्क्टिकाच्या बर्फात दिसते उलट : हिमयुग संपवणारी कार्बन डायऑक्साइडची चढण नेमकी याच काळात सुरू झाली, आणि एकूण वाढीचा मोठा हिस्सा याच काळातला आहे. 14,700 वर्षांपूर्वी ग्रीनलंड अचानक तापले, मान्सून उसळला, अरबी समुद्राचा ऑक्सिजन संपला. मग 12,900 ते 11,700 या काळात पुन्हा थंडी, विनायट्रीकरण पुन्हा मंद. आणि कार्बन डायऑक्साइड? तो या थंडीतही वर चढत राहिला.

मूळ निबंधाचा दावा 60 ते 20 हजार वर्षांपूर्वीपुरता होता, हे लेखकांच्या बाजूने सांगायला हवे. हिमयुग संपतानाची कसोटी मी लावते आहे, त्यांनी नाही. पण यंत्रणा खरी असेल तर ती बर्फ वितळताना सुट्टीवर जाणार नाही.

मग अरबी समुद्राचा ठसा वातावरणात कुठे आहे? नायट्रस ऑक्साइडमध्ये. हा वायू विनायट्रीकरणाच्या वाटेवर, ऑक्सिजन जेमतेम उरलेल्या पाण्यात तयार होतो. हिमयुगात तो अब्जांत सुमारे 200 भाग होता, नंतर 260-270. आणि त्याचा आलेख अरबी समुद्राच्या गाळासारखाच चालतो : 14,700 ला उडी, पुढच्या थंडीत घसरण, मग पुन्हा चढण. इथेही सगळे श्रेय समुद्राला देता येत नाही. मान्सूनमध्ये भिजलेली जमीनही हा वायू सोडते, आणि बर्फातल्या नायट्रस ऑक्साइडचे समस्थानिक पाहता वाढीत दोघांचा वाटा मोठा आहे. तरी क्रम जुळतो, कार्बनचा जुळत नाही.

मग कार्बन कुणी नेला?

या प्रकरणाच्या हद्दीबाहेरचा प्रश्न, पण मुले विचारतातच. आजचे सगळ्यांत वजनदार उत्तर दक्षिण महासागराकडे बोट दाखवते. तिथे नायट्रेट मुबलक आहे, वापरले मात्र जात नाही, कारण लोह नाही. हिमयुगात वारा कोरड्या प्रदेशांतली धूळ तिथे नेऊन टाकी आणि लोह मिळे. गमतीचा भाग असा, की याचा पुरावाही नायट्रोजनचे समस्थानिकच देतात. तिथल्या फोरॅमिनिफेरांत धुळीच्या काळात जड नायट्रोजन वाढलेला दिसतो. पण तिथे त्याचा अर्थ नायट्रेट नष्ट झाले असा नसून प्लवकांनी ते जास्त पूर्णपणे वापरले असा आहे. समस्थानिक तोच, खूण तीच, पण समुद्र बदलला की वाचन बदलते. परीक्षेत सर्वाधिक गुण इथेच जातात.

लोहाची कल्पना मांडणारे जॉन मार्टिन अर्ध्या टँकरभर लोहाच्या बदल्यात हिमयुग आणून दाखवण्याची भाषा करत. 2009 च्या सुरुवातीला गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने जर्मनीच्या आल्फ्रेड वेगेनर संस्थेबरोबर 'लोहाफेक्स' प्रयोगात दक्षिण महासागराच्या सुमारे 300 चौरस किलोमीटर पाण्यावर लोहाचे क्षार टाकले. 'पोलारश्टेर्न' जहाजावर नक्वी आणि व्हिक्टर स्मेटाचेक हे प्रमुख होते. प्लवक वाढले, पण त्या पाण्यात सिलिकेट नव्हते, म्हणून त्यापासून जड कवच बांधणारे डायाटम नावाचे प्लवक वाढू शकले नाहीत. जे वाढले ते प्राणिप्लवकांनी फस्त केले, आणि खोल समुद्रात कार्बन फारच थोडा गेला. एका पोषकद्रव्याची टंचाई मिटवली की पुढच्याची सुरू होते. नायट्रोजनच्या दाव्यात फॉस्फरसची जी अडचण होती, तीच इथे सिलिकेटच्या रूपात भेटली.

वर्गातला आक्षेप

वेळेच्या मुद्द्यावर एका विद्यार्थिनीने मला अडवले. "मॅडम, तुम्ही धरून चालला आहात की साठा लगेच बदलतो. समुद्रात नायट्रोजनचा मुक्काम दोन-तीन हजार वर्षांचा. आणि हिमयुगात जमा आणि खर्च दोन्ही घटले असतील, तर मुक्काम आणखी लांबला असणार. मग तीन हजार वर्षांच्या थंडीचा परिणाम त्याच तीन हजार वर्षांत दिसायलाच हवा, हा हट्ट कशाला?"

तिचा आक्षेप बरोबर आहे. मुक्काम लांबला तर उशीर वाढतो, आणि अल्टाबेट यांनीही या संथपणाचाच आधार घेतला होता. मी तिला फळ्यावर बोलावून गणित करायला सांगितले. मुक्काम 3000 वर्षांचा धरा, नंतर 6000 चा. खर्चातला हजार-दोन हजार वर्षांचा चढउतार तोच ठेवा. प्रत्यक्ष टनांत नाही, टक्केवारीत. साठ्याचा आलेख काढा. मुक्काम वाढवला तसा साठा उशिरा हलू लागला. पण त्याचबरोबर शिल्लक साठ्याच्या मानाने त्याचे हेलकावेही लहान होत गेले. उशिराचे कारण पुढे करून कालक्रमाची अडचण सोडवता येते, पण तेवढ्याच प्रमाणात परिणाम चपटा होतो, आणि मग 60 ते 20 हजार वर्षांपूर्वीच्या काळातला 20 भागांचा कार्बन डायऑक्साइड हलवायला तो पुरत नाही.

तिला ते पटले नाही. तिचे म्हणणे, मधल्या चढउतारांचे सोडा, पूर्ण हिमयुगाच्या 80-90 हजार वर्षांत तर साठ्याला स्थिरावायला वेळच वेळ होता. तिथे नायट्रोजनने 90 पैकी काही भाग नेले असतीलच. तेवढे मी तिला दिले. 2015 च्या एप्रिल-मेमध्ये 'जॉइडीस रिझोल्युशन' या समुद्रतळ खोदणाऱ्या जहाजाने कोलंबोहून मुंबईपर्यंतच्या मोहिमेत अरबी समुद्रातल्या लक्ष्मी खोऱ्यात साडेतीन हजार मीटरहून खोल पाण्याखाली गाभे काढले, आणि त्यांत अनेक हिमयुगांची नोंद आहे. प्रकल्पासाठी तिने तोच विषय घेतला : प्रत्येक हिमयुगात विनायट्रीकरण आधी मंदावते की कार्बन डायऑक्साइड आधी उतरतो.